पान नऊ, चौकट दोन

शब्दमर्यादा आठ हजार. वेळ चार तास.
खेळाडू तीन ते सहा, एकमेकांना अनोळखी असले तरी चालतील.
चौकटीतला मजकूर मोठ्याने वाचायचा असतो,
म्हणून वाक्यं एका श्वासात मावतील एवढीच.
आणि कुठेही
'तुम्हाला भीती वाटते' असं लिहायचं नाही.
कोणाला काय वाटावं ते ज्याचं त्यानं बघावं,
आपण फक्त अंधार किती आहे ते सांगायचं.

दिवसा मी अहमदीच्या रिफायनरीत परवाने लिहितो:
टाकीत कोण उतरणार, किती वाजता,
वर दोरी कोण धरणार.
रात्री फहाहीलला, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून
(दुसरा प्लग चालत नाही)
चार तासांत संपणारे प्रवास.

या खेपेला एक नदी होती, बुडालेली टांकसाळ,
आणि तरीवाला.
ग्दान्स्कहून संपादक बाईंनी समासात लिहिलं:
याला नाव द्या. खेळाडू विचारतातच.
मी दिलं. तांडेल.
कुठल्या भाषेतलं?
म्हटलं, नदीच्या.

दामोदर तांडेल, राहणार हर्णै,
सहा वर्षं माझ्या खोलीत, खिडकीकडच्या खाटेवर.
टगबोटीवर कामाला.
वीस बाजूंचा फासा तळहातावर घेऊन म्हणाला होता,
'येवडी तोंडं? मग ह्यो खरं कुठल्या तोंडानं बोलतो?'
मार्चमध्ये इकामा संपला, कंपनीनं नवा केला नाही.
आठ दिवसांत गेला.
मागे एक ब्लँकेट, आणि अर्धी बरणी सोडे.
फोन लागतो. उचलत नाही कोणी.

शुक्रवारी अकरा टेबलं बसली एकाच गोष्टीवर,
मनामाला, दोहाला, सोहारला,
आणि आमचं, लाँड्रीखालच्या तळघरात.
बहुतेक टेबलांवर जे घडेल तेच खरं धरायचं,
पुढच्या लेखकानं ते पुढे न्यायचं.
असा करार आहे.

भर प्रवाहात नावेची फळी फुटते.
पेटी वाचवा, किंवा तरीवाला.
तिसरी वाटही लिहिली होती, नियम म्हणून.
रोवेना रात्रपाळी करून आलेली, पेंगत होती.
मिशारी नकाशावरून मान वर न करता म्हणाला,
'नावाडी दुसरा मिळेल.'
शनूदानं तरीही दोरी फेकली. दान पडलं तीन.
मला सुचवायची परवानगी नसते.
मी पान नऊ, चौकट दोन वाचली,
लिहिली होती तशी:
*पाणी पुन्हा सपाट होतं.
एक वल्हं तरंगत राहतं.*
एका श्वासात मावली.

निकाल आले. सात टेबलांवर बुडाला, तीनांवर वाचला.
अकरावा कागद सोहारचा,
'इतर' या रकान्यात, पेन्सिलीनं:
आम्ही सहाही जण पाण्यात उतरलो.
नाव हलकी झाली.
म्हाताऱ्याला म्हटलं, काका, तुम्ही बसा.
धरून धरून काठाला लावेपर्यंत वेळ संपली.
टांकसाळ पाहिलीच नाही.

माझ्या तीन वाटांत ही नव्हती.
गोष्ट पुरी न झाल्यानं तो कागद मोजणीत धरला नाही.
नियम बरोबरच आहे. मीही तेच केलं असतं.

आता भाग दुसरा माझ्याकडेच आलाय.
पहिलं वाक्य ठरलेलं: तर बंद आहे, तांडेल गेला.
ते लिहिलं.
खाली मशीन पिळायला लागलं, अक्षरं थरथरली,
थांबेपर्यंत थांबलो.
मग पुढची चौकट:
*पलीकडच्या काठावर दोरीला
सहा सदरे वाळत घातलेत.
अजून ठिबकताहेत.*

बाईंनी समासात विचारलंय,
हे कोणाचे? पुढे कुठे येत नाहीत.
कथानकाला गरज आहे का?

नाही, लिहिलं मी.
दहाच शब्द आहेत.
मर्यादेत बसतात.