बॅटरीचं पाणी

मठपती बाई दर सोमवारी पाच लिटरचा कॅन न्यायच्या
आणि मला ठाऊक होतं, त्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही.
लाइट गेली की ओट्यावर येऊन बसतात,
पुठ्ठ्यानं वारा घेतात, अख्खी गल्ली बघते.
वर्षभर विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कशाला विचारायचं.
मग एकदा विचारलंच.
म्हणाल्या, ये. चपला काढून ये.

आतल्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीला,
ताटलीत पाणी, पाण्यात कुंड्या,
कुंडीत माती नाहीच. वाळलेलं, भुसभुशीत शेवाळ
आणि थर्माकोलसारखे पांढरे दाणे.
एकाच्या पानांवर बारीक लाल केस,
केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब. भर दुपारी दव.
एकाला लांबट पेले लोंबलेले, झाकणासकट.
आणि एक तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं,
जबडे उघडून बसलेलं, कडेला काट्यांच्या पापण्या.
"हे खातं," बाई म्हणाल्या,
नातवाची ओळख करून द्यावी तशा.

मी बोट पुढं केलं. हातावर फटका बसला,
तीस वर्षांपूर्वी सातवी ब मध्ये बसायचा तोच.
"उगाच मिटायला लावू नको. मिटणं फुकट नसतं.
चार-पाचदा रिकामं मिटलं की पान काळं पडतं."

बोअरचं पाणी का नाही?
त्यांनी पेनासारखं मीटर बुडवून दाखवलं.
अकराशे चाळीस.
माझ्या कॅनमध्ये, तीन.
अकराशे चाळीस आम्ही पितो.
तोटीला पांढरी दाढी येते,
माझ्या मेव्हण्याला दोनदा खडा झाला,
बायको गीझरची कॉइल चमच्यानं खरवडते.
आणि हे बोटभर झाड म्हणतं, मला चालत नाही.
खरं सांगतो, रागच आला मला त्याचा.

"आणि खत?"
"खतानं मरतं."
"शेणखत पण?"
"काहीच नको. उपाशी जमिनीची मुळं आहेत, निसार.
त्यांना फक्त ओलं राहायचं माहीत.
जेवण वरून येतं, उडत."

मार्गशीर्षात बाई हैदराबादला गेल्या, डोळ्याच्या ऑपरेशनला.
कुंड्या माझ्याकडे.
दुकानात नको, ॲसिडचा वास. माडीवर ठेव. उजेड हवा.
पोरांना म्हणावं, हात मागं बांधून बघा.
पोरांनी खरंच हात मागं बांधून बघितलं,
आठवडाभर.

मग उदगीरची थंडी पडली
आणि जबडे एकेक करून काळे झाले.
मी कुणाला बोललो नाही.
रात्री बॅटरी घेऊन वर जायचो, म्हणजे टॉर्च,
आणि बघत उभा राहायचो.
'डेड' म्हणून दुकानात आणलेल्या कितीतरी बॅटऱ्या
नुसत्या तहानलेल्या असतात, मला कळतं ते.
पण हे तर पाण्यातच होतं.

फोन केला. बाईंच्या एका डोळ्यावर पट्टी.
"झोपलंय ते. थंडीत झोपावंच लागतं त्याला,
नाही झोपलं तर पुढच्या साली उठत नाही.
ताटलीतलं पाणी कमी कर.
आणि रोज उकरून बघत जाऊ नको."
मी उकरत होतो, हे त्यांना कसं कळलं?

शिमग्याच्या आधी त्या आल्या, काळा चष्मा घालून.
जिना चढून वर आल्या, कुंडीजवळ वाकल्या.
"नीट दिसत नाही अजून. तू सांग. किती?"
मोजले. सात. मुगाएवढे. हिरवे.
"एक मिटलेला आहे, बाई."
"तू मिटवलास?"
"नाही."
"मग आत काय आहे?"
कुंडी खिडकीतल्या उन्हापुढं धरली.
पातळ भिंतीतून सावली दिसली, पाय दिसले.
"कोण आहे ते कळत नाही," मी म्हणालो.
बाई हसल्या. "आठवड्यानं उघडेल. तेव्हा पंख बघ."

सोमवारी कॅन भरून ठेवला.
उधारीच्या वहीत त्यांचं पान आहे,
त्यावर तारीख टाकली, पाच लिटर लिहिलं,
आणि रकमेच्या रकान्यात काय लिहावं
ते अजून ठरत नाही.