सहा फुटाला एक इंच

कारखाना बंद झाला त्या आठवड्यात
ग्रिम्सबीतल्या माझ्या घराच्या मागच्या दारात उभी राहून
मी अंगण पहिल्यांदाच नीट बघितलं.
बारा फूट बाय नऊ.
फुटका कोबा, कचऱ्याचे दोन डबे,
शेवाळ, आणि कपड्यांची एक दोरी,
जिच्यावर समुद्राचा वारा माझ्या आधीच येऊन लोंबत असतो.

बिस्किटांच्या डब्यात नव्वद पौंड होते.
केनेथ असता तर म्हणाला असता, माणूस बोलाव.
बोलावला. तो आला, पाय आपटून गेला, चौदाशे म्हणाला.
मी त्याला चहा दिला
आणि दुसऱ्या दिवशी स्वतःला कुदळ.

फरश्या फुकट मिळाल्या, क्लीथॉर्प्सच्या एका बाईकडून.
तिला त्या जागी गवत हवं होतं, प्लास्टिकचं.
भाचीच्या गाडीतून चार खेपा, खेपेला बारा.
गाडीचं बूड रस्त्याला टेकायचं
आणि रोझलिन माझ्याकडे न बघता गाडी चालवायची.
वाळूनं निम्म्याहून जास्त डबा खाल्ला.
भिंतीला विल्फच्या न्हाणीघराचा उरलेला निळा.
बाकासाठी गोदीवरची पॅलेटं:
घासली, उन्हात घातली, परत घासली,
पण लाकूड हॅडॉक विसरायला तयार नाही.
गल्लीतली पाच मांजरं बाकाकडे तोंड करून बसतात,
रविवारी चर्चमध्ये बसावं तशी.

विल्फ ब्लँचर्ड भिंतीपलीकडून बघत असतो.
चाळीस वर्षं गवंडीकाम, आता दोन्ही गुडघे धातूचे.
दिवसातून एकदाच विचारायचा,
'उतार ठेवलास का?'
मी म्हणायचे, हो हो.

ठेवला नव्हता.
मी पाणसळ ठेवली होती, फरशीफरशीवर,
आणि तो हिरवा बुडबुडा
रबरी हातोडीनं समजावत समजावत
दोन रेघांच्या मधोमध आणून बसवला होता.
एकतीस वर्षं मी पट्ट्यावर मासे लावले,
डोकी डावीकडे, शेपट्या उजवीकडे.
वाकडं मला लांबून दिसतं.
आणि उतारवयात माणसाला
एक तरी सपाट जागा असावी, असं मला वाटायचं.

ऑगस्टात एका रात्री पाऊस आला
आणि माझ्या सपाट अंगणात निवांत उभा राहिला.
कुठे जायचं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं.
मग त्याचं त्यानं ठरवलं.
स्वयंपाकघर.

पहाटे मी उंबऱ्यावर बसून बादलीत फडकी पिळत होते.
विल्फ भिंतीपाशी आला, आणि काही बोलला नाही.
ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.
मग भिंतीवरून त्यानं लाकडाचा एक तुकडा दिला,
जेमतेम इंचभर जाड, कडा बोटांनी गुळगुळीत झालेला.
'सहा फुटी फळीच्या टोकाखाली हा धर, नाल्याच्या बाजूला.
वर पाणसळ. बुडबुडा मधोमधच येईल,
त्याला कळणारही नाही.'

अठ्ठेचाळीस फरश्या.
एकेक उचलली, एकेकीखालची वाळू खरवडली,
एकेकीला थोडं झुकायला लावलं.
कंबर म्हणाली ते इथे लिहीत नाही.

सप्टेंबरच्या पावसात मी दारात कप घेऊन उभी राहिले.
पाणी पडलं, क्षणभर थबकलं,
आणि तापाला उतार पडावा तसं
कुणाच्या लक्षात न येता निघून गेलं.
डब्यात चार पौंड वीस पेन्स.

आता शुक्रवारी आम्ही दोघं बाकावर ताटल्या घेऊन बसतो.
टेबलाच्या एका पायाखाली तोच लाकडाचा तुकडा.
कधी ताटलीतून एखादा वाटाणा निसटतो,
फरशीवर जरा विचार करतो,
आणि नाल्याची वाट धरतो.
विल्फ काही बोलत नाही. यावेळी ते बरं वाटतं.
वाटेत एक मांजर वाटाणा हुंगतं
आणि पुन्हा बाकाकडे तोंड करून बसतं.