आठवा संगणक

आमच्या शाळेत संगणक अकरा.
सात चालतात.
आठवाही चालतो, पण त्याचं ‘क’चं बटण मेलेलं आहे,
म्हणून त्यावर कुणी बसत नाही, मंथन कदम सोडून.
तो स्वतःचं आडनाव ‘दम’ असं लिहितो
आणि खूश असतो.

राउटर खिडकीच्या कट्ट्यावर,
मिठागरांकडे तोंड करून ठेवलेला.
तिथेच रेंज येते. त्याला कुणी हलवायचं नाही,
झाडूवाल्या पारूमावशीसुद्धा त्याच्याभोवतीनं पुसतात.

आज सहावी ब.
पडद्यावर एक कोरं पान,
सगळ्यांचं मिळून एकच.
कुणीही त्यावर चौकट चिकटवावी,
पिवळी, गुलाबी, नाव न सांगता.
पहिली दहा मिनिटं गेली
‘हाय बाई’, ‘भूक लागली’
आणि एकसष्ट वेळा ‘अ’ यांत.
जाऊ दिली.
नव्या पाटीवर आधी रेघोट्याच ओढतात.

मग मी तो मेसेज लावला, गेल्या महिन्यातला:
‘वडाळ्याच्या पाण्यात विष. तीन दिवस पिऊ नका.
दहा जणांना पाठवा.’
सोबत तपकिरी पाण्याचा ग्लास.
खरं की खोटं? बटण दाबा.
खांब वर चढत गेले, आमच्या डोळ्यांसमोर.
खरं, एकतीस.
खोटं, चार.
माहीत नाही, एक.
(मागाहून कळलं, ती मुबश्शिरा.
वर्गात सगळ्यात जास्त तिलाच माहीत असतं.)

मी म्हटलं, आता चौकशी करा.
कुणी सांगितलं? कधी? कुठून?
सेल्वीनं ग्लासाचा फोटो शोधात टाकला,
आणि तो ग्लास निघाला पाच वर्षांपूर्वीचा,
दुसऱ्या राज्यातला, पुराच्या बातमीतला.
वर्ग हसला. सेल्वी हसली नाही.
म्हणाली, ‘आईनं त्या रात्री
इडलीची भिजवलेली डाळ ओतून दिली, बाई.
पाच किलो. त्याच पाण्यात भिजवली होती म्हणून.’

पुन्हा मत घेतलं. खांब कोसळले.
मी मनात धडा पूर्ण झाल्याची खूण केली,
घंटेला सात मिनिटं होती, हजेरी उघडली.

तेवढ्यात कोपऱ्यात एक निळी चौकट उगवली.
‘बाई, हा मेसेज पालांच्या गटावर
तुम्हीच टाला होता.’

सगळ्यांनी वाचली.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग एकमेकांकडे, कुणी लिहिलं म्हणून.
आठव्या संगणकाकडे
मी मुद्दाम पाहिलं नाही.
तो पडद्यामागे बसला होता, वाकून,
कानांच्या पाळ्या लाल.

टाकला होता.
रात्री साडेदहाला, पोळ्या करता करता,
कणकेच्या अंगठ्यानं, न वाचता.
काळजीनंच. काळजीला कुठे
तारीख तपासायची सवय असते?

चौकट पुसता येते.
मला तेवढे अधिकार दिलेले आहेत,
वर उजवीकडे कचरापेटीचं चित्र आहे,
आणि माझा बाण
तिच्यावर जाऊन थांबलाही होता,
हे इथे लिहून ठेवते.

‘मग आता गटावर सांगणार का?’ सेल्वीनं विचारलं.
शांतपणे, बिल मागावं तसं.

मी फोन काढला.
मेसेज पुढे ढकलायला अंगठ्याचं एक टोक लागलं होतं.
ही दोन ओळी लिहायला घंटा होऊन गेली,
डबे उघडले, लोणच्याचा वास सुटला,
तरी कुणी जागचं उठलं नव्हतं.

मग त्या पानावर, निळ्या चौकटीखाली,
मी माझी एक चिकटवली. नावासकट.
माझ्या कळफलकावर सगळी अक्षरं आहेत.
‘चुकले’ असं लिहिलं,
‘क’ नीट दाबून.