निळव्याखाली

रविवारी परभणीचा मोंढा बंद.
माझं काटेदुरुस्तीचं दुकान अर्ध्या शटरवर.
आत चार वजनकाटे पोट उघडून पडलेले,
त्यांच्या मधोमध जुना लॅपटॉप
आणि आम्ही तिघं,
ज्यांना या कामाचा छदामही कुणी देत नाही.

मुदस्सीर आठवडाभर लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरतो,
दैवशाला पतसंस्थेत व्याज लावते,
मी वजनं खरी करतो.

आज ती रागातच आली.
"तीन दिवस झाले, एक पैसा सापडंना.
शेवटी यंत्रालाच विचारलं,
पहिलीतल्या पोराला विचारावं तसं:
एक दशांश अधिक दोन दशांश किती?
बगा काय म्हणतंय."

शून्य पूर्णांक तीन,
मग शून्यांची रांग.
मुदस्सीरनं बोट लावून मोजली, पंधरा,
आणि रांगेच्या टोकाला
पंगतीत न बोलावता बसलेला
चार.

मी म्हणालो, काटा सेट करावा लागंल.
तिघंही हसलो.
मग बराच वेळ कुणी हसलं नाही.

उत्रेश्वरमामा दारात बसलेले.
मोंढ्यातले शेवटचे मापाडी,
आता फक्त चहापुरते येतात.
"मागितलंय काय त्याला?"
शेराचा दहावा हिस्सा समजा, मामा.
"अन् मापं कोणती त्याच्याकडं?"
निम्मं. निम्म्याचं निम्मं. त्याचंही निम्मं. बस.
"म्हंजे आमचीच की."

माळ्यावरून त्यांच्या वडलांची मापं निघाली,
तळाला हिरवी पडलेली.
जमिनीवर ज्वारी ओतली.
"बनी तो बनी," मुदस्सीर म्हणाला,
"नहीं तो परभनी."

मापटं? मोठं होतंय.
चिपटं? मोठं.
कोळवं? जराशानं मोठं, ठेव खाली.
निळवं?
बसलं.

निळव्याखाली माप नाही, नावही नाही.
तिथून पुढं मामाची मूठ,
मुठीनंतर चिमूट,
चिमटीनंतर दाणे मोजत.
निळव्याचं निम्मं बसलं.
त्याचं निम्मं नाही, त्याचंही नाही,
पुढचं बसलं, त्याच्या पुढचं बसलं,
नाही नाही, हो हो,
नाही नाही, हो हो,
मुदस्सीर टेबलावर ठेका धरून,
दैवशाला वहीत शून्य-एक मांडत,
आणि मामांनी कमरेचा अडकित्ता काढून
एक दाणा मधोमध चिरला.

हे संपत नसतंय, मामा.
दहाचा भाग दोनाच्या मापात
कधीच पुरा बसत नाही.
"मग मोंढा उठायचा कवा?"

यंत्र त्रेपन्न घरं भरतं आणि हात झटकतं.
शेवटच्या घरात, उरलेल्या चुऱ्याऐवजी,
अख्खा दाणा टाकतं.

मामा खूश झाले.
"मग इमानदार हाय.
आमी बी वरून मूठभर टाकत हुतो.
गिऱ्हाईक रिकाम्या मनानं जाऊ नये."

तेवढ्यात मला आठवलं, विचारलं:
मोजताना तुम्ही एक का म्हणत नव्हता?
"एक म्हणत नसतेत. पहिल्याला लाभ म्हणायचं.
लाभ, दोन, तीन."
आमच्यात बरकत म्हणतात, मुदस्सीर.
आणि हे, दैवशाला पडद्याकडं बघत,
हे पहिल्याला शून्य म्हणतं.
मामांनी मान हलवली,
मराठी सोडून दुसरी बोली बोलणाऱ्या
व्याह्याकडं बघावं तशी.

तिचा पैसा काही त्या दिवशी सापडला नाही.
"उद्यापासून सगळं पैशातच मोजते,
पूर्ण आकड्यात. रुपये शेवटी करीन,"
म्हणत ती चप्पल शोधू लागली.
ज्वारी मी झाडून घेतली.
चिरलेला अर्धा दाणा
फरशीच्या फटीत गेला, निघाला नाही.

सोमवारी एक आडत्या आला,
काटा टेबलावर आपटून म्हणाला,
पाच ग्रॅमचा फरक दाखवतोय.

स्क्रू ढिला करता करता
मी विचारलं,
कुणाच्या बाजूनं?