एकतारी

तार्तूच्या बाहेर, बर्चच्या रांगेमागच्या प्रयोगशाळेत
उर्वे एकवीस दिवसांच्या पिलाचं आतडं
दोन बोटांत धरून वरून खाली निपटते,
संपत आलेली टूथपेस्ट निपटावी तसं.
आत राय. गव्हाचीच चुलतबहीण, पण हट्टी.
पाणी दिसलं की धरून ठेवते.

नळी गरगरते. गाळ खाली बसतो.
वरचं अर्धा मिलिलिटर ती तबकडीवर सोडते,
चाळीस अंशांवर, कोंबडीच्या पोटातल्या उबेत,
आणि यंत्राचा शंकू फिरू लागतो, अडखळत.
पाण्याचा आकडा एक, खरं तर एकाहून कमी.
याचा एकशे बारा.

आकडा वहीत जातो. मग, हेइनोची पाठ असताना,
ती काडी बुडवून वर उचलते,
लाडवाचा पाक बघावा तशी:
तार निघते, मध्ये बारीक होते, लोंबते,
तुटत नाही.

पिलू उपाशी नव्हतं.
हे तिला दरवेळी नव्यानं कळतं.
दाणा होता, पाचक रस होते, पोट गच्च होतं;
फक्त एकाला दुसऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं.
साखर आतड्याच्या भिंतीपासून केसभर लांब,
गर्दीत हात वर करून उभी.
आणि खाली भुशावर चिकट राड, पायांना गोळे.

शेजारच्या पिंजऱ्यात तीच राय, वर चिमूटभर विकर.
आकडा नऊ.
"सुटलं," हेइनो म्हणतो,
रुतलेला ट्रॅक्टर निघाल्यासारखा.

साडेपाचची बस, एल्वा.
आई खिडकीशी. मार्चमधल्या झटक्यापासून
तिच्या घशाला पातळ काही उमगत नाही;
साधं पाणी वाट चुकतं, श्वासात शिरतं.
म्हणून पेल्यात दोन चमचे पांढरी पूड.
ढवळ, थांब, परत ढवळ.
दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय: मधाइतकं.

उर्वे चमचा वर धरते. तार निघते.
तीनशेच्या आसपास, ती मनात म्हणते,
आणि स्वतःवरच चिडते.

"हे पाणी नाही," आई म्हणते, एकेक अक्षर ओढत,
"किसेल आहे. तेही बिनबेरीचं."
तरी घेते. गळ्यावरची कातडी वर जाते,
तिथेच थांबते,
उर्वेही थांबते,
मग खाली येते.

रुमालाने हनुवटी पुसून घेताना आई विचारते,
"तुझी पिल्लं जेवली का आज?"

उर्वे पेला विसळायला उठते.
"अर्धी," ती म्हणते.