कोरी फळी

काराकोलच्या बसथांब्यामागे गुलबारचिनचं दुकान.
एक टेबल, दोन शिकंजे, आणि एक इस्त्री
जिने आयुष्यात कपडा पाहिला नाही.
माझी बस गेलेली. पुढची संध्याकाळी.
मी शेगडीजवळ, हातात चहा.

पोरं येतात खांद्यावर स्नोबोर्ड टाकून,
नाकाची सालं निघालेली.
विचारतात, उद्या कुठल्या डोंगरावर जाऊ?
ती म्हणते, उलटा ठेव.

मग तळावरून अंगठा फिरवते, सावकाश,
पीठ जाडं की बारीक बघावं तसा.
हा दगड. बर्फ पुरता पडला नव्हता, तुला धीर नव्हता.
ही कड एकाच बाजूला बोथट:
उजवीकडे वळायचं आलं की टाळतोस.
पोरगा स्वतःच्या बुटांकडे बघतो.
तुला पूर्वेचा. रुंद आहे, दोन्हीकडे वळायला लावतो.
पण अकराच्या आत उतर, नंतर वारा त्याची काच करतो.
त्याच्या मित्राला खाणीमागचा, देवदारांमधला.
तिसऱ्याला: फळी ठीक आहे. तू झोप काढ.

तू स्वतः कुठल्यावर गेलीस? मी विचारलं.
एकाही नाही. गुडघा, लहानपणापासून.
इस्त्रीवरून मेण ठिबकत होतं.
सगळे इथेच येतात, उलटे होऊन.

आमच्याकडे म्हणतात, दुरून डोंगर साजरे.
एर्मेकने, तिच्या मुलाने, ते कसंबसं तिच्या भाषेत नेलं.
ती हसली: आणि खालून?

दुपारी फेम्के आली, हॉलंडहून,
जिथे डोंगर म्हणून काही नाही.
वहीत अकरा डोंगर. बर्फ किती, उतार किती,
तिकीट किती सोम, प्रत्येकाला तारे,
खोडलेले, पुन्हा काढलेले.
चार दिवस ठरवतेय.
तिने बोर्ड उलटा ठेवला. नवा. आरसाच.
गुलबारचिनचा अंगठा या टोकापासून त्या टोकाला गेला
आणि रिकामा परत आला.

गोठ्यामागे, ती म्हणाली.

गोठ्यामागचा उतार चाळीस पावलांचा.
तिथे एर्मेक कपाटाच्या दारावर उभा राहून घसरतो,
बिजागरीची भोकं अजून तशीच.
फेम्के पडली. पुन्हा पडली. शेणाच्या ढिगाशी थांबली.
गायीने मान वळवली, बघितलं,
आणि परत पेंढ्याला लागली.
वही कठड्यावर उघडीच,
अकराही डोंगरांवर एकसारखा बर्फ भुरभुरत होता.

दिवे लागायच्या वेळी ती आत आली,
ओली, एक हातमोजा हरवून,
आणि बोर्ड न सांगता उलटा ठेवला.
मधोमध ओरखडा, वाकडा, वीतभर.
गुलबारचिनने त्यावर अंगठा टेकला.
अक्षर वाईट आहे, ती म्हणाली. पण लागतंय.

मग उद्या कुठला?

बाहेर माझ्या बसचा भोंगा.
उरलेला चहा मी मुद्दाम हळू प्यायले,
पण ती मेण निवडत होती:
एक वडी नाकाशी नेली,
ठेवली, दुसरी उचलली.