अवलंबित

सोहार. रात्रीचे पावणेदोन. एसीचं पाणी बादलीत.
परकारच्या जुन्या लॅपटॉपवर जागा करतोय.
कुणाच्याच मालकीची नसलेली ही प्रणाली
त्यानेच चढवून दिली, जायच्या आदल्या रात्री.

म्हटलं, एक्सफॅटची सोय कशाला?
तसली डिस्क माझ्याकडे नाही.
काढ म्हणालो.
यंत्र म्हणालं, हिच्यासोबत
डिस्क जोडणारा जाईल,
तो गेला की फायलींची खिडकी,
खिडकीमागोमाग अख्खा डेस्कटॉप.
होय की नाही?

खुंटी उपटायला जावं
आणि तंबूच हातात यावा.

परकारचा करार असाच एका ओळीत संपला.
त्याच्या व्हिसावर शमीम, शमीमच्या मागे दोन पोरं,
त्यांची शाळा, धाकट्याच्या दातांची तार अर्धवट,
गॅलरीतली शेवग्याची कुंडी.
ती मी आणली. जगली नाही.

कागदावर त्या सगळ्यांना एकच शब्द: अवलंबित.
होय की नाही,
कुणी विचारलं नव्हतं.

मी 'नाही' दाबतो.
ड्रॉवरच्या तळाशी त्याचाच पेनड्राइव्ह सापडतो.
लावतो. एक्सफॅट.
मुकाट उघडतो.
आत एकच फाइल, गाडीच्या पेट्रोलचा हिशेब.
माझ्या नावापुढे
साडेचार रियाल बाकी.